नऊ वारांचा हिशेब : टिळकवाडीतला अमेरिकन इंग्रजीचा क्लास

क्लासचं नाव लिहीत नाही. पुढं जे लिहिणार आहे त्यात अर्धी तक्रार आहे, आणि सर अजून दुकानावरून जाताना हात करतात. टिळकवाडीत रेल्वे गेटच्या अलीकडं, खाली झेरॉक्स, वर क्लास, एवढं सांगितलं तरी बेळगावच्या माणसाला पुरे.

शहापुरात आमचं साड्यांचं दुकान आहे, मामंजींच्या वेळचं. बत्तीस वर्षं मी त्या गादीवर बसते. मराठी घरातलं, कानडी गिऱ्हाइकांनी शिकवलेलं, हिंदी सुरतच्या व्यापाऱ्यांपुरतं. इंग्रजी म्हणजे पार्सलवरचा पत्ता वाचण्याइतकं. धाकटी लेक अमेरिकेत इंडियाना राज्यात ब्लूमिंग्टनला असते, तिथल्या ग्रंथालयात नोकरीला आहे. तिचं बाळंतपण ठरलं, माझा व्हिसा झाला, जावई फोनवर म्हणाले, "आई, इथं तुमचं काही अडणार नाही." पुरुषांचं काही अडत नाही हे मला माहीत आहे. मी क्लास लावला.

सहा आठवडे, शनिवार-रविवार संध्याकाळी पाच ते सात, फी ३,५०० रुपये. पुस्तिकेचे १५० वेगळे. बॅचमध्ये आम्ही चौदा जण. त्यात गोकाककडची एक नर्स, दोन इंजिनिअरिंगची पोरं, हायवेकडच्या रेडीमिक्स काँक्रीटच्या प्लांटवरचा एक सुपरवायझर, आणि मी, सगळ्यांची मावशी.

आधी चांगलं सांगते, कारण चांगलं खरोखर चांगलं आहे. सर व्याकरण शिकवत नाहीत, बोलायला लावतात. बाकाचं काउंटर करतात आणि स्वतः पलीकडं बसतात. आज विमानतळावरचे साहेब, उद्या औषधाच्या दुकानातली बाई. "किती दिवस राहणार?" मी म्हणायची, "सिक्स मंथ." "मंथ्स, मावशी, मंथ्स. एक महिना राहून येणार काय?" असं वीस वेळा झालं की जिभेला ते 'स' आपोआप लागतं. व्ही म्हणताना खालचा ओठ दाताला टेकवायचा आणि डब्ल्यूला तोंडाचा चंबू करायचा. आपल्याला दोन्हीला एकच 'व', त्यामुळं पहिले दोन दिवस आम्ही चौदा जण आरशासमोर बसलेल्या माकडांसारखे दिसत होतो. भेंडीला तिथं ओक्रा म्हणतात, कोथिंबिरीला सिलँट्रो, गाडीच्या डिकीला ट्रंक, पेट्रोलला गॅस. हॉटेलातून पार्सल न्यायचं असेल तर 'पार्सल' म्हणू नका, 'टू गो' म्हणा. जेवल्यावर बिल मागू नका, चेक मागा. हे सगळं तिथं गेल्यावर कामाला आलं. औषधाच्या दुकानात लेकीच्या लोहाच्या गोळ्या मी एकटीनं जाऊन आणल्या. आणखी काय पाहिजे?

आता पुस्तिका. पिवळं कव्हर, ४८ पानं, चाळीस अमेरिकन वाक्प्रचार. प्रत्येकाखाली चौकट आणि चौकटीवर ठळक अक्षरांत 'यामागची खरी कथा'. माझी तक्रार त्या 'खरी' या शब्दाशी आहे.

पहिल्याच रविवारी सरांनी ओकेची कथा सांगितली. सरांना नाटकाचं अंग आहे. अमेरिकेचं यादवी युद्ध, संध्याकाळ, छावणीत एक काळा फळा. त्यावर रोज मेलेल्या शिपायांचा आकडा खडूनं लिहायचा. ज्या दिवशी कुणीच मेलं नाही त्या दिवशी नुसतं शून्य आणि पुढं किल्डचा के. शून्य दिसतं ओसारखं, म्हणून ओके. नर्सच्या डोळ्यांत पाणी आलं. मी घरी येऊन ह्यांना सांगितली, ह्यांनी पानपट्टीवर सांगितली असणार. रात्री लेकीला फोनवर सांगितली तर ती म्हणाली, "आई, यादवी युद्ध सुरू झालं १८६१ ला. ओके छापून आलंय १८३९ ला."

बावीस वर्षांचा फरक. साडीत इतकी तफावत निघाली असती तर गिऱ्हाइकानं गठ्ठा तोंडावर मारला असता.

मग तिनं सांगितलं ते ऐकून मला छावणीच्या फळ्यापेक्षा जास्त मजा आली. त्या काळात बोस्टनच्या वर्तमानपत्रवाल्यांना एक खूळ लागलं होतं. शब्द मुद्दाम अशुद्ध लिहायचे आणि वर त्यांची आद्याक्षरं करायची. 'ऑल करेक्ट', म्हणजे सगळं बरोबर, हे ए आणि सी ऐवजी ओ आणि के घालून लिहायचं, आणि खाली नुसतं ओ. के. 'सगळं बरोबर' हेच चुकीचं लिहिलेलं, हा विनोद. २३ मार्च १८३९ च्या बोस्टन मॉर्निंग पोस्टमध्ये ते सापडतं. तसली आणखी बरीच आद्याक्षरं होती, ती मेली. हे का जगलं? पुढच्या वर्षी अध्यक्षपदाची निवडणूक होती. मार्टिन व्हॅन ब्यूरन पुन्हा उभे होते आणि त्यांचं गाव न्यूयॉर्क राज्यातलं किंडरहूक. त्यांच्या लोकांनी 'ओल्ड किंडरहूक' म्हणून ओ. के. नावाचे क्लब काढले. व्हॅन ब्यूरन पडले, ओके निवडून आलं. हे सगळं ॲलन वॉकर रीड नावाच्या अभ्यासकानं जुने अंक उपसून १९६० च्या दशकात मांडलं. तोपर्यंत ज्याची त्याची कथा निराळी. अध्यक्ष वुड्रो विल्सन तर शेवटी ई-एच लावून लिहायचे, कारण त्यांच्या मते तो तिथल्या मूळच्या चॉक्टॉ लोकांच्या भाषेतला शब्द होता.

आद्याक्षरांचं खूळ मला लगेच पटलं. मामंजींची पत्रं मी पाहिलेली आहेत. 'कृ. सा. न. वि. वि.' शिवाय विणकऱ्याला पत्र जायचं नाही, मग आत मालाबद्दल कितीही शिव्या असोत.

दुसऱ्या आठवड्यात हॉट डॉग. बेसबॉलच्या मैदानावर टॅड डॉर्गन या व्यंगचित्रकारानं पावात घातलेलं लांबट कुत्रं काढलं, जातीचं जर्मन नाव त्याला लिहिता येईना म्हणून नुसतं हॉट डॉग लिहिलं, ही पुस्तिकेतली कथा. ते चित्र आजवर कुणाला सापडलेलं नाही, आणि डॉर्गन न्यूयॉर्कला यायच्या आधी, १८९५ ला, येलच्या विद्यार्थ्यांच्या मासिकात हा शब्द आहे. सॉसेजमध्ये कुत्र्याचं मांस घालतात असा पोरांना संशय होता, त्यातून आलेली थट्टा. मी तसंही ते खाणार नव्हतेच. न्यूयॉर्कला बिग ॲपल म्हणतात त्याची पुस्तिकेतली कथा मी इथं लिहीत नाही, तिच्यात एक बाई आणि तिचा बदनाम धंदा आहे, आणि पोरं पुढच्या बाकावर होती. खरा माग लागतो तो घोड्यांच्या शर्यतीचा. फिट्झ जेराल्ड हा शर्यतींचा बातमीदार १९२० च्या दशकात तो शब्द वापरायचा, आणि न्यू ऑर्लिन्सच्या तबेल्यातल्या पोरांच्या तोंडून आपण तो ऐकला असं त्यानंच लिहून ठेवलंय. त्या पोरांनी कुठून उचलला, ते घोड्यांना ठाऊक.

आणि मग तिसऱ्या आठवड्यात पान २७. 'द होल नाइन यार्ड्स'.

अर्थ सोपा आहे: सगळंच्या सगळं, पार शेवटापर्यंत. सर उभे राहिले, हातानं विमान केलं. दुसरं महायुद्ध. लढाऊ विमानाच्या मशीनगनचा गोळ्यांचा पट्टा सत्तावीस फूट, म्हणजे नऊ यार्ड, आपले नऊ वार. पायलटनं अख्खा पट्टा शत्रूवर रिकामा केला की तो म्हणायचा, 'आय गेव्ह हिम द होल नाइन यार्ड्स.'

मी हात वर केला. "सर, गोळ्या वारावर मोजतात?"

सगळे हसले. मी चेष्टा करत नव्हते. आमच्या धंद्यात जे कापून द्यायचं ते वारावर आणि जे मोजून द्यायचं ते नगावर. ब्लाउजपीस नगावर, अस्तर मीटरवर. १९५६ च्या कायद्यानंतर वार कागदावरून गेला, खरं आजही खेड्यातली म्हातारी 'दोन वार द्या' म्हणूनच अस्तर मागते. गोळी कापून देत नाहीत. शिपायाला किती राउंड दिले ते विचारतील, किती वार दिले ते कशाला विचारतील?

मागच्या बाकावरून काँक्रीटवाला म्हणाला की त्यानं दुसरंच ऐकलंय, सिमेंटच्या फिरत्या गाडीत नऊ घनयार्ड माल बसतो, तो सगळा ओतला की होल नाइन यार्ड्स. सर म्हणाले, "हं, तीही एक कथा आहे." मी त्याला विचारलं, "तुझ्या गाडीत किती बसतो रे?" तो म्हणाला, "सहा घनमीटर, मावशी." त्यानंच मोबाइलवर हिशेब केला. आठ यार्डसुद्धा भरेनात. "अमेरिकेतल्या गाड्या मोठ्या असतील की," सर म्हणाले. असतील की.

इथं माझ्या तोंडून एक वाक्य गेलं, त्याचा पश्चात्ताप मला अजून होतो. मी म्हटलं, "सर, नऊ वार म्हणजे आमची नऊवारी. होल नाइन यार्ड्स तर आम्ही शहापुरात रोज विकतो." वर्गात टाळ्या पडल्या. सरांचे डोळे चमकलेले मी पाहिले होते, पण तेव्हा अर्थ कळला नाही.

त्या रात्री लेक म्हणाली, थांब, बघते. दोन दिवसांनी तिनं जे पाठवलं ते वाचून मला हसावं की काय कळेना. या वाक्प्रचाराच्या मागं माणसं वर्षानुवर्षं लागलेली आहेत. विमानाची कथा, काँक्रीटची, नवरीच्या पदराची, कबरीची, प्रत्येकानं आपापला यार्ड आणलेला. युद्धाच्या काळातल्या कागदांत मात्र कुणाला तो वाक्प्रचार सापडेना. मग जुनी वर्तमानपत्रं संगणकावर आली आणि केंटकी राज्यातल्या १९१२ च्या एका छोट्या अंकात निघालं 'होल सिक्स यार्ड्स'. १९२१ ला साउथ कॅरोलायनात एका मथळ्यात पुन्हा तेच. सहा!

म्हणजे अमेरिकेत सहावारी आधी होती. आमच्याकडं आत्याबाई नऊवारी, मी सहावारी, लेक जीन्स. तिकडं उलटी वाढ, सहाची नऊ झाली असं अभ्यासकांनाही वाटलं. आणि मग आणखी जुना अंक निघाला, तो १९०७ चा, त्यात नऊच. बेसबॉलच्या सामन्याबद्दल लिहिलंय, पुरते नऊ यार्ड मिळतीलच असं आम्ही सांगू शकत नाही. पुढच्या वर्षी त्याच पत्रात रॉस्को नावाचा कुणीतरी मासे धरून आलाय आणि त्याच्याकडं लांबलचक कहाणी आहे. एखाद्या बेसावध माणसाला गाठून तो त्याला 'होल नाइन यार्ड्स' ऐकवणार. १९०८ साल. विमान उडून पाच वर्षं झालेली, त्याला मशीनगन कुठली लागायला!

म्हणजे सहा आणि नऊ, दोन्ही माल एकाच फळीवर होता. मोजत काय होते ते कळत नाही. कदाचित काहीच मोजत नसतील. आपण म्हणतो अमक्यानं चऱ्हाट लावलं. कसलं चऱ्हाट, काथ्याचं की अंबाडीचं, किती हात, असं कुणी विचारतं का?

आणि ते वर्तमानपत्र कुठलं? मिचेल कमर्शियल, गाव मिचेल, राज्य इंडियाना. लेकीच्या घरापासून गाडीनं तासाभराच्या आत.

मी प्रिंट काढून सरांना नेऊन दिले. त्यांनी वाचले, नीट वाचले, याचं श्रेय देते. मग चष्मा काढून म्हणाले, "मावशी, हे सगळं बरोबर असेल. खरं माणसाला गोष्ट लागते. 'कुणाला माहीत नाही' हे शिकवायला मी फी कशी घेऊ?"

त्यांचं अगदीच चूक आहे असं नाही. गोष्टीमुळं वाक्प्रचार लक्षात राहतो, चौदापैकी चौदा जणांना तो पाठ झाला. पण दुकानात गिऱ्हाईक विचारतं, "वहिनी, हे असली रेशीम काय?" तेव्हा मला ठाऊक नसेल तर मी एक धागा उपसून काडी लावते. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटात चुरली तर रेशीम. गोळा झाला तर नाही. पुस्तिकेतल्या गोष्टींना जळका वास नव्हता, गोळाच होत होता, आणि साल बघणं ही काही अवघड काडी नाही. 'खरी कथा' ऐवजी 'सांगतात अशी कथा' एवढं छापलं असतं तर माझी तक्रारच नव्हती. १५० रुपयांत दोन शब्द जास्त बसतात.

मी जाऊन आले. नातू झाला, अंगानं बरा आहे. ब्लूमिंग्टनला गेल्यावर पहिल्या आठवड्यात एक शब्द माझ्या मागं लागला, जो पुस्तिकेत नव्हता. हूजर. टोपीवर हूजर, पेट्रोल पंपावर, विद्यापीठाचे खेळाडू हूजर्स, नातवाला दवाखान्यातून मिळालेल्या लाल झबल्यावरसुद्धा तेच. इंडियानाच्या माणसाला हूजर म्हणतात. २०१७ पासून अमेरिकेच्या सरकारी छापखान्यानंही तोच शब्द अधिकृत धरला, आधी इंडियानन होता. अर्थ काय? शेजारच्या म्हाताऱ्यानं सांगितलं, जुन्या काळी रात्री कुणी दार वाजवलं की आतून ओरडायचे, 'हूज हिअर?', कोण आहे? तेच झालं हूजर. बाजारात भाजी विकणारी बाई म्हणाली, छे, दारूच्या गुत्त्यात मारामारी व्हायची, सकाळी जमिनीवर तुटका कान सापडायचा, 'हूज इअर?', कुणाचा कान? ती हे मला मध विकताना सांगत होती. तिसरं मत, लुईव्हिलच्या कालव्यावर हूजर आडनावाचा ठेकेदार होता, त्याच्या हाताखाली इंडियानाची माणसं होती. लेकीनं सांगितलं, जेकब पायट डन या गृहस्थानं १९०७ ला यावर आख्खा अभ्यास छापला. त्याला इंग्लंडच्या उत्तरेत कंबरलँडच्या बोलीत एक मिळताजुळता शब्द सापडला, काहीही अवाढव्य असलं की वापरायचा. शब्द छापून येतोय १८३० च्या दशकापासून; १८३३ च्या नववर्षाला इंडियानापोलिसच्या पत्रात त्यावर कविता आहे. एवढं असून नक्की कुठनं आला ते ठरलेलं नाही.

मी शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं, यातलं खरं कुठलं? विचारलं हं, पुऱ्या वाक्यात, डब्ल्यूला चंबू करून. तो हसला आणि म्हणाला, "नोबडी नोज." आणि खुशीत गवत कापायला गेला.

मला आमचं आठवलं. इरकल साडीचा पत्ता विचारला तर बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलची बस दाखवता येते. बेळगावचं मूळ विचारलं तर वेणुग्राम, बांबूंचं गाव, हे शाळेत शिकवलेलं सांगता येतं. नोव्हेंबर २०१४ पासून पाटीवर बेळगावी आहे, तोंडात ज्याचं त्याचं. पण नावाबद्दल 'नोबडी नोज' म्हणून कुणी खुशीत गवत कापायला जाईल, असं आमच्याकडं अजून तरी नाही. जाऊ दे, हा विषय क्लासचा नाही.

मिचेलला एका रविवारी जाऊन आलो. लहान गाव. अंतराळवीर गस ग्रिसम तिथला, त्याचं रॉकेटसारखं दगडी स्मारक आहे. रॉस्कोचं काही नाही.

तर कुणी विचारत असेल तर, बोलण्यासाठी पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो जिन्याला दिवा नाही म्हणून. पुस्तिकेला दीड, आणि त्यातला एक कागद चांगला आहे त्याचा. गाडी लावायला जागा नाही, शनिवारी तर अजिबात नाही. व्हिसाच्या मुलाखतीची तयारी वेगळे पैसे न घेता करून घेतात, हे विसरले होते.

हे एवढंच लिहून थांबणार होते. पण परवा दुकानात एक कॉलेजची पोरगी आली, सोबत मैत्रीण. "त्या होल नाइन यार्ड्सवाल्या मावशी तुम्हीच काय?" मी म्हटलं, कसल्या? तिनं पर्समधून पिवळी पुस्तिका काढली. नवी आवृत्ती. पान २७, 'यामागची खरी कथा': महाराष्ट्र आणि बेळगाव भागातल्या स्त्रियांची नऊ वारांची साडी इंग्रज व्यापाऱ्यांनी पाहिली आणि हा वाक्प्रचार अमेरिकेला नेला. खाली बारीक अक्षरांत, आमच्या एका ज्येष्ठ विद्यार्थिनीच्या संशोधनातून.

मी तिला मिचेल सांगितलं, रॉस्को सांगितला, सहा यार्ड सांगितले. ती मान हलवत ऐकत होती आणि मैत्रीण फोटो काढत होती. मग म्हणाली, "ते असू दे मावशी, खरं एक नऊवारी दाखवा की, क्लासमध्ये दाखवायला न्यायची आहे." हिरवी इरकल काढली. किंमत सांगायच्या आधी सवयीनं मोजून दाखवली. आठ मीटर वीस भरली. नऊ वाराला तीन सेंटिमीटर कमी.

ते तिनं लिहून घेतलं नाही.